ढवळीचं सुतक

ढवळी कुत्रीनं जीव सोडला तेव्हा आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, तिच्या कानामागच्या गोचिडी काढत बसल्या होत्या. पौषातलं धुकं नुकतंच विरत होतं. ओट्यावर कोवळ्या उन्हाचा एक तुकडा येऊन पडला होता, आणि त्या तुकड्यात बरोब्बर मावेल एवढी ढवळी आत्तींच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. मी आतून चहा घेऊन आले. आत्तींचं काम चालूच होतं. एक काढायची, राखेत टाकायची, पुढची शोधायची.

"आत्ती, चहा."

"ठेव तिथं."

ठेवला. ठेवता ठेवता ढवळीकडं लक्ष गेलं, तर पोट हलत नव्हतं.

"अहो आत्ती, ढवळी गेली वाटतं."

"व्हय," आत्ती म्हणाल्या. "मगाशीच गेली. दोन ऱ्हायल्यात कानात, तेवढ्या काढते. घाणीत नगं जायाला."

मी तशीच उभी. अशा वेळी करायचं काय, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

अठ्ठेचाळीस वर्षं झाली या गोष्टीला. मी एकोणीस वर्षांची, लग्नाला सात महिने झालेले. माहेर मिरजेचं, मॅट्रिक पास आणि तोंडानं फटकळ. तोंड अजून तसंच आहे, विचारा कुणालाही. सासर वेदगंगेच्या काठी, शे-सव्वाशे उंबऱ्यांचं गाव, आणि त्यात गुरवाचं घर एकच, आमचं. भैरोबाची पूजा, दिवा, नगारा, सगळं मामांकडं, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडं. नवरा इचलकरंजीत मागावर कामाला, सणासुदीला यायचा. एरवी घरात आम्ही तिघं आणि ही ढवळी. पंधरा वर्षांची म्हातारी कुत्री, तोंडात एक दात शिल्लक नव्हता. आत्ती स्वतः जेवायच्या आधी तिला दुधात भाकरी कुस्करून घालायच्या. सुनेच्या चहात दूध कमी पडलं तरी चालेल, ढवळीच्या वाडग्यात पडायचंच. मला राग यायचा त्या कुत्रीचा. खोटं कशाला बोलू?

"आमच्या मिरजेत नगरपालिकेची गाडी येते मेलेलं जनावर न्यायला," मी म्हटलं. "इथं काय करतात?"

"वड्यात टाकत्यात."

"मग मारू का हाक कुणाला?"

आत्तींनी मान वर केली. डोळे अगदी कोरडे. "कुणाला नगं. ट्रंक उघड. तळाला हिरवं इरकली लुगडं हाय, ते आण."

"अगं बाई, ते तुमचं लग्नातलं!"

"तेच."

मामा देवळातून पूजा आटोपून आले. हातात बेलाची परडी. ओट्यावर हिरव्या लुगड्यात गुंडाळलेलं ते बघितलं आणि परडी ठेवून कुदळ उचलली. नवराबायकोत काही बोलणंच झालं नाही. मामा पुढं, मधे आत्ती ते ओझं छातीशी धरून, मागं मी, हातात मिठाचं गाडगं. गावाबाहेर धुकं अजून तसंच होतं. नदीवरून येऊन उसाच्या फडात अडकून बसलेलं. आमच्या पावलांचा आवाज येत नव्हता, पाखरांचा येत नव्हता. कुठं मोट नाही, माणूस नाही, नुसता ओल्या पाचटाचा वास. लांबून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, बाळंतीण लेकरू घेऊन देवाला चाललीय.

आमच्या शेताच्या बांधावर एक जांभूळ होतं. त्याच्या बुडाशी मामांनी कमरेएवढा खड्डा घेतला. एका कुत्रीला एवढा कशाला, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. आत्तींनी मीठ पसरलं, ढवळीला खाली ठेवलं, लुगड्याचा पदर बाजूला करून तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मूठभर माती घातली. मामांनी घातली. मीही उभ्यानंच एक मूठ टाकली.

"उभ्यानं टाकू नगं," आत्ती म्हणाल्या. "बस खाली. हातानं घाल."

मी बसले. माती गार होती.

घरी येऊन तिघांनी डोक्यावरून पाणी घेतलं. मला वाटलं, झालं, संपलं. आता चूल पेटवावी म्हणून मी आत गेले, तर आत्तींनी तांब्या उचलला आणि निखाऱ्यांवर पाणी ओतलं. चर्र झालं, घरभर राख उडाली.

"सुतक धरायचं," आत्ती म्हणाल्या. "धा दिस."

मी फिसकन हसले. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते, पण हसले खरी. "कुत्र्याचं सुतक? आत्ती, अहो, लोक तोंडात शेण घालतील!"

मामा हसले नाहीत. त्यांनी कमरेची देवळाची किल्ली काढली, खुंटीला अडकवली आणि "बरं" म्हणाले.

मग मात्र मी दिवस मोजले. परवाच्या दिवशी पुनव, भैरोबाची जत्रा. सुतकात गुरवानं देवाला शिवायचं नाही, दिवा लावायचा नाही. आणि गुरवाच्या हातानं नगारा वाजल्याशिवाय पालखी उठत नाही. सात पिढ्यांचा तो मान होता. गावात दुसरं गुरवाचं घर नाही. मग काय होणार, ते सांगायला तिसऱ्या प्रहरी तात्या पाटील स्वतःच आले.

तात्या पन्नाशीचे, मामांपेक्षा लहान. ओट्याच्या पायरीवर उभे राहूनच बोलले, बसले नाहीत. "रावजीदा, ऐकतोय ते खरं हाय का?"

"खरं हाय," मामा म्हणाले.

"आरं, कुत्र्याचं सुतक कुठल्या पोथीत लिवलंय? सारा गाव हसतोय तुला."

"हसू द्या."

"हसण्यावारी न्यायचं काम न्हाई हे. परवा जत्रा. तू न्हाई म्हणालास तर मला पल्याडच्या गावचा गुरव आणाया लागंल. एकदा त्याचा हात नगाऱ्यावर पडला की मान गेला तुझा. परत मागाया येऊ नगंस." मग त्यांनी दारातून आत बघितलं. "वहिनी, तुमी तरी समजवा."

आत्ती आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी तात्यांकडं असं बघितलं की मलाच कसंतरी झालं. तात्यांनी नजर काढून घेतली आणि ते गेले.

तो दिवस कसा गेला ते अजून मला नीट सांगता येत नाही. घरात विस्तव नाही, दिवा नाही, झाडलोट नाही. शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी आली, तीही पदराआड हसू दाबत आलेली. आम्ही तिघं तीन भिंतींना टेकून बसलो. ऊन ओट्यावरून उंबऱ्यात आलं, उंबऱ्यातून कणगीपर्यंत गेलं, तिथून परत फिरलं. मधेच वाटायचं, ढवळी पाणी पितेय. मी उठून बघायची. वाडगं कोरडं. मला न आवडणाऱ्या कुत्रीसाठी मी किती वेळा उठले, कोण जाणे.

पण डोकं माझं मिरजेचं. मी म्हटलं, ही दोघं म्हातारी भ्रमिष्ट झालीत. सात पिढ्यांचा मान एका कुत्रीपायी घालवायला निघालीत. जत्रेला सुटी मिळाली नाही म्हणून नवरा येणार नव्हता, पण पुढं कधी आला की त्याला काय सांगायचं? की तुझ्या आईबापानं आणि बायकोनं मिळून घर बुडवलं?

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी उठले, आंघोळ केली, खुंटीवरची किल्ली घेतली आणि देवळात गेले. धुकं एवढं की देऊळ हाताला लागेपर्यंत दिसलं नाही. आत गारवा, शिळ्या बेलाचा वास. समईत तेल होतं, वात होती. मी काडी ओढली. ज्योत धरली आणि भैरोबाचे चांदीचे डोळे एकदम उघडले. मी म्हटलं, देवा, माझ्या घराचा मान राख. आणि मागं न बघता घरी आले. किल्ली होती तिथं अडकवली. मनात म्हटलं, आता गावाला दिवा दिसेल. म्हणजे सुतक नाही. म्हणजे मिटलं.

ऊन वर आल्यावर शेजारीण दारात आली. "सुटलं वाटतं सुतक! देवळात दिवा लागलाय म्हणत्यात."

ती गेल्यावर आत्ती माझ्याजवळ आल्या. माझा उजवा हात धरला, नाकाशी नेला. तेलाचा वास होता, तो जातोय कुठं? मी तयारीतच होते. आता शिव्या देतील, देऊ देत. मलाही चार गोष्टी सुनवायच्या होत्या.

"तू बी?" आत्ती म्हणाल्या. एवढंच. आणि माझा हात हळूच सोडून दिला.

मारलं असतं तरी चाललं असतं हो. ते दोन शब्द मला काही सहन झाले नाहीत. मी तडक शेतावर गेले. मामा जांभळीखाली बसले होते.

"मामा, माझं काय चुकलं सांगा. घराचा मान वाचवला मी."

"व्हय," मामा म्हणाले. "मीबी तेच केलं हुतं."

"कधी?"

मामांनी काठीनं ढवळीच्या मातीशेजारची जागा दाखवली. तिथं नुसतं गवत होतं. "हितं माझी लेक हाय. तुझ्या नवऱ्याच्या आदी झालेली. चंपा. चार म्हैन्यांची हुती. ताप न्हाई, खोकला न्हाई. जत्रंच्या दिशी सकाळी हिच्या मांडीवरच गेली."

मी तिथंच खाली बसले.

"सुतक म्हणून मी घरात बसलो. तर थोरल्या पाटलांनी, तात्याच्या बापानं, निरोप धाडला. हा तात्याच घिऊन आला हुता, तवा मिसरूड फुटलेलं प्वार हुतं. म्हणाला, आबांनी सांगितलंय, दात न आलेल्या लेकराचं सुतक नसतंया. अंगावर पाणी घ्या आन नगाऱ्यावर चला."

"आणि तुम्ही गेलात?"

"गेलो. मान जाईल म्हणून गेलो. हिनं मला धुतलेलं धोतार काढून दिलं. पालखी फिरून देवळात येईस्तोवर वाजवत हुतो. तवर हिनं शेजारणीला घिऊन लेक पुरली. मला जागाबी दुसऱ्या दिशी दावली."

"आत्ती रडल्या असतील."

"रडली आसंल," मामा म्हणाले. "मला काय ऐकू येणार? मी नगारा वाजवत हुतो."

धुकं आता जांभळीच्या शेंड्यावरून सुटत होतं. मी विचारलं, "त्यानंतर कधी बोलल्या?"

"न्हाई. एकतीस वर्सात ते नाव तिनं घेतलं न्हाई, मी घेतलं न्हाई. आन काल म्हणाली, सुतक धरायचं. मी म्हणलो, बरं. मला ठावं हाय की, कुणाचं हाय ते."

मी रडले. मनसोक्त रडले, लाज नाही वाटली. मग विचारलं, "आता त्या दिव्याचं काय?"

"सुतकात दिवा लागला म्हणलं तर देव बाटला. देव नदीवर न्ह्यायचा, न्हाऊ घालायचा, आन त्या वर्साची जत्रा मुकी. नगारा न्हाई, गुलाल न्हाई. आन तुझं नाव जल्मभर गावाच्या तोंडी. त्यापरास गप ऱ्हा, पोरी. सुतक न्हवतंच म्हणू. झालं तेवढं बास."

"आणि आत्ती?"

मामा उठले आणि पाटाचं पाणी बघायला गेले. तसं पाटाला पाणीच नव्हतं.

जत्रेच्या सकाळी तात्या पाटील चार माणसं घेऊन दारात आले. डोक्याला गुलाबी फेटा, चेहरा उजळलेला. "रावजीदा, दिवा लागलेला बघितला म्या. तुमच्याच घरचा हात हाय, दुसऱ्या कुणाकडं किल्ली हाय? म्हंजे सुतक न्हाई. गाव तुमच्यासाठी थांबलंय, चला. परगावच्या गुरवाला निरोप धाडला न्हाई म्या."

मामा जागचे हलले नाहीत. त्यांनी आत्तींकडं बघितलं. मीही बघितलं. मला वाटलं, आता आत्ती ओरडतील, पाटलाला हाकलून काढतील, काहीतरी बोलतील. आत्ती सावकाश उठल्या. दांडीवरचं मामांचं धुतलेलं धोतर काढलं, त्याची घडी झटकली आणि मामांच्या पुढं धरली. तोंडावर रेघ नाही. जसं काही रोजचंच काम.

आणि मामांनी हात पुढं केला.

"दिवा मी लावला," मी म्हटलं.

"ब्येस केलंस, सूनबाई," तात्या म्हणाले. "शिकलेली पोर ती शिकलेली."

"सुतकात लावला."

ती चार माणसं माझ्याकडं बघायला लागली. तात्यांचं हसू अर्ध्यावर राहिलं. "कळतंय का काय बोलतीस? कुत्र्याचं सुतक नसतंया."

"कुत्र्याचं नव्हे, तात्या. ज्या लेकीच्या वेळी तुम्ही याच दारात निरोप घेऊन आला होता, तिचं. या घरात सुतक आहे आणि मी देवाला शिवले. देव मी बाटवला. माझं नाव घ्या, गावाला सांगा आणि जत्रा मुकी करा." एकदा तोंड उघडलं की ते मला बंद करता येत नाही, हे मी आधीच सांगितलंय. "दुसरा गुरव आणायचा तर खुशाल आणा. पण मामांना आज नगाऱ्यावर नेऊ नका हो. पाया पडते तुमच्या."

"ऐकलंसा, पाटील?" मागचा एकजण चिडून म्हणाला. "काल आलेली पोर गावाची जत्रा बंद करती!"

तात्यांनी हात वर करून त्याला गप्प केलं. ते आत्तींच्या हातातल्या धोतराकडं बघत होते. ओट्याखाली धुकं सरकत होतं, आणि मला आठवतंय, त्या शांततेत गावातल्या एका कोंबड्यानं अवेळी बांग दिली आणि कुणी हसलं नाही.

मग तात्या पायरी चढून वर आले. फेटा काढला. बोडक्या डोक्यानं ओट्यावर, भिंतीला टेकून, मांडी घालून बसले. त्यांचं बघून ती चारही माणसं खाली बसली. आमच्याकडं सुतकाच्या घरी आलेला माणूस पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो. ती त्यांनी विचारली.

"कितवा दिवस, वहिनी?"

आत्तींच्या हातात धोतर तसंच होतं. "एकतीस वर्सं झाली, तात्या," त्या म्हणाल्या. "आजच्याच दिशी."

तात्यांनी मान खाली घातली. "मला ठावं हाय. म्याच आलो हुतो." मग खालच्या आवाजात म्हणाले, "नाव काय हुतं लेकीचं? तवा इचारलं न्हवतं."

"चंपा," आत्ती म्हणाल्या.

त्या नावापाठोपाठ त्यांच्या तोंडून जो हंबरडा फुटला, तो मी आयुष्यात परत ऐकला नाही. त्या खाली बसल्या आणि मामांनी त्यांना धरलं, चारचौघांसमोर, त्या काळात.

देव नदीवर नेला, न्हाऊ घातला. परगावचा गुरव कुणी आणला नाही. पुढच्या वर्षी मामाच नगाऱ्यावर बसले. देव बाटवणारी गुरवाची सून हे नाव मला चिकटलं ते चिकटलंच, परवा नातसुनेच्या माहेरच्यांनीसुद्धा त्यावरून चेष्टा केली. करू देत. त्या दिवशी पालखी मुक्यानं फिरली. गुलाल नाही, वाजंत्री नाही, नुसती माणसांची पावलं. आमच्या दारावरून गेली तेव्हा बाया रांगेतून निघून एकेक करून आत आल्या आणि आत्तींच्या भोवती बसल्या. आत्ती दुपार कलेपर्यंत रडल्या. नगारा वाजत नव्हता, त्यामुळं ते सगळ्या गावाला ऐकू गेलं.